अदमास आणि ताळा

पांढुर्णा आणि सौसर हा संत्र्यांचा मुलूख. आंबिया बहार असो की मृग, येथील बागेचे फळ पुष्कळदा झाडावर असतानाच विकले जाते. व्यापारी बागेतून एक फेरी मारतो, चार-दोन झाडे निरखतो आणि आकडा बोलतो. फळ मोजलेले नसते, तोललेले नसते. असतो तो केवळ अदमास. त्या अदमासावर बागवानाच्या वर्षभराच्या श्रमांचे मोल ठरते. म्हणून अदमास कसा करावा आणि तो कोठे फसवतो, हे जाणणे अगत्याचे आहे.

समजा, एका बागेत २८७ झाडे आहेत आणि दर झाडास सरासरी ६४० फळे आहेत. जवळचा शेकडा धरला, तर २८७ चे ३०० होतात व ६४० चे ६००. तिनशे गुणिले सहाशे म्हणजे १,८०,०००. हे उत्तर तोंडी निघते. खरा गुणाकार १,८३,६८० आहे. अंतर थोडे पडले, कारण एक संख्या वाढली आणि दुसरी घटली. एका चुकीने दुसरीस सावरले.

परंतु दोन्ही संख्या खालीच ओढल्या, २८७ चे २८० आणि ६४० चे ६०० केले, तर उत्तर १,६८,००० येते. सात झाडे सोडली, तेव्हा ४,४८० फळे गेली; उरलेल्या २८० झाडांवरील चाळीस-चाळीस सोडली, तेव्हा आणखी ११,२०० गेली. एकूण १५,६८० फळे हिशेबातून नाहीशी झाली. बेरजेत क्षुल्लक वाटणारी सूट गुणाकारात अशी फुगते. म्हणून विकणाऱ्याने दोन्ही आकडे उतरू देऊ नयेत. उलट पेट्या, मजुरी, गाडीभाडे यांची तरतूद करताना आकडे थोडे चढेच धरावेत.

अदमासाचा दुसरा उपयोग ताळा पाहण्याचा. २८७ ला ६४० ने गुणताना शेवटचे शून्य राहून गेले, तर कागदावर १८,३६८ उमटतात. ज्याने आधी पावणेदोन-दोन लाखांचा अदमास बांधला आहे, त्यास ही चूक तत्काळ दिसते. ज्याने बांधला नाही, तो कागदावर विश्वास ठेवतो.

अदमासातून अचूक उत्तराकडेही जाता येते. २८७ ऐवजी ३०० ला ६४ ने गुणावे : १९,२००. वाढवलेले १३ वेळा ६४, म्हणजे ८३२, वजा करावेत : १८,३६८. त्यावर एक शून्य दिले की काम झाले. ही रीत नवी नाही. भास्कराचार्यांच्या ११५० मधील ‘लीलावती’त, गुणकात सोयीची संख्या मिळवून वा वजा करून गुणावे व मागाहून तेवढी दुरुस्ती करावी, असा प्रकार दिलेला आहे.

मराठी संख्यानामांतही तीच युक्ती आहे. एकोणतीस म्हणजे एक उणे तीस. हिंदीतील उनतीसही तेच सांगते. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात दोन्ही भाषा मुलांच्या कानी पडतात. एकोणतीस सोळे करताना तीस सोळे चारशे ऐंशी म्हणावे आणि सोळा काढावेत : ४६४. मुलांना पाढे पाठ करवताना हा अर्थही उलगडून दाखवावा. पाढा उत्तर देतो, अदमास त्या उत्तराची राखण करतो. आणि सौदा ठरण्यापूर्वी बागवानाजवळ दोन्ही असावे लागतात.