झुलेखा बेगम आणि मौलाना आझाद



११ नोव्हेंबरला शाळांमध्ये राष्ट्रीय शिक्षण दिन असतो. ही मौलाना अबुल कलाम आझाद यांची जयंती. देशाचे पहिले शिक्षणमंत्री, एवढं लेकरांना पाठ असतं. त्यांच्या पत्नीचं, झुलेखा बेगमचं नाव मात्र फार कुणाला ठाऊक नसतं.

१९२२ साली इंग्रज सरकारनं मौलानांना एक वर्षाची सक्तमजुरी दिली. तेव्हा झुलेखाबाईंनी गांधीजींना कळवलं, आमची तयारी होती त्यापेक्षा शिक्षा कमीच झाली. यांचं बंगालच्या खिलाफत कमिटीचं काम आता मी बघते. घरचा माणूस तुरुंगात, आणि बाई असं बोलते!

पुढच्याच वर्षी दिल्लीच्या काँग्रेस अधिवेशनाचे मौलाना अध्यक्ष झाले. तिथं त्यांनी सांगितलं, की आकाशातून देवदूत उतरला आणि म्हणाला, हिंदू-मुस्लिम एकी सोडा, चोवीस तासांत स्वराज्य घ्या, तर मी स्वराज्य सोडीन, एकी सोडणार नाही. स्वराज्य लांबलं तर नुकसान हिंदुस्थानचं. एकी गेली तर साऱ्या माणुसकीचं.

या बोलण्याची किंमत त्यांनी मोजली. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईत पकडून त्यांना आपल्या महाराष्ट्रातच, अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवलं. नेहरू, पटेल सोबत होते. इकडे कलकत्त्यात झुलेखाबाई आजारी पडल्या. सरकारपुढं हात पसरायला मौलाना तयार झाले नाहीत. एप्रिल १९४३ मध्ये बाई गेल्या. शेवटची भेट झाली नाही. १९४५ साली सुटून कलकत्त्याला आल्यावर ते आधी त्यांच्या कबरीवर गेले.

मैत्रिणींनो, हे आज का सांगते? आपल्या पुसद भागातल्या काही गटांत हल्ली कुजबुज असते, 'त्यांचा गट वेगळा करा, आपला वेगळा.' गटाचं कर्ज एकमेकींच्या भरवशावर मिळतं. एकीचा हप्ता थकला तर बाकीच्या सांभाळून घेतात. त्या वेळी सांभाळणारी शबाना आहे की शोभा, हे कुणी विचारत नाही. मग सभेत शेजारी बसायलाच का विचारायचं?

येत्या मासिक सभेत ही कुजबुज कानावर आली तर गप्प बसू नका. झुलेखाबाईंची गोष्ट सांगा. आणि गट वेगळा करायचा ठराव आला, तर त्यावर सही करू नका.