अपोफिस : एका लघुग्रहाचें भाकित

वर्धा जिल्ह्यांतील सेलूच्या परिसरांतील काळी, कपाशीची जमीन ज्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनली, त्याच जातीचा खडक पश्चिमेस बुलढाणा जिल्ह्यांत लोणार येथें एका जागीं भंगलेला आहे. तेथील सुमारें १.८ किलोमीटर रुंदीचें विवर आकाशांतून आलेल्या पाषाणाच्या आघातानें झालें. तेव्हां ‘आकाशांतून दगड पडेल काय?’ हा प्रश्न विदर्भांत तरी कोणास पोरकट म्हणतां येणार नाहीं.

श्रोतेहो, १९ जून २००४ रोजीं अमेरिकेंतील किट पीक वेधशाळेंतून एक लघुग्रह दिसला. पुढें त्यास अपोफिस हें नांव मिळालें. त्याचा व्यास सुमारें ३४० मीटर असून सूर्याभोंवतीं एक प्रदक्षिणा तो सुमारें ३२४ दिवसांत पुरी करतो, आणि त्या भ्रमणांत पृथ्वीची कक्षा ओलांडतो. डिसेंबर २००४ मध्यें गणित मांडतां, १३ एप्रिल २०२९ रोजीं तो पृथ्वीवर आदळण्याचा संभव ३७ मध्यें एक इतका निघाला.

आंकडा भयंकर खरा. पण त्याचें मूळ अपुऱ्या मापनांत होतें. पेरतांना तिफण धुऱ्यापाशीं बोटभर कलली, तर लांब वावराच्या दुसऱ्या टोकाला ओळ हातभर वाकडी जाते. तसेंच थोडक्या वेधांवरून पंचवीस वर्षांपुढचें स्थान काढूं गेल्यास होतें. मार्च २००४ मधील जुन्या छायाचित्रांत हाच लघुग्रह सांपडला, तेव्हां वेधांचा काळ लांबला आणि २०२९ मधील आघाताची शंका फिटली. मार्च २०२१ मध्यें रडारच्या साहाय्यानें त्याचें अंतर मोजलें गेलें, आणि निदान शंभर वर्षें तरी टक्कर होणार नाहीं, असा निर्वाळा मिळाला.

भेट मात्र होणारच आहे. भारतीय वेळेप्रमाणें १४ एप्रिल २०२९ च्या पहाटे सव्वातीनच्या सुमारास अपोफिस भूपृष्ठापासून सुमारें ३२,००० किलोमीटरांवरून जाईल. दूरदर्शनाचे संदेश पोंचविणारे स्थिर उपग्रह याहून दूर, सुमारें ३६,००० किलोमीटरांवर असतात. युरोप, आफ्रिका व पश्चिम आशिया येथील लोकांस, आकाश निरभ्र असल्यास, तो नुसत्या डोळ्यांनीं मंद ताऱ्यासारखा सरकतांना दिसेल.

या भेटींत पृथ्वीच्या आकर्षणानें त्याची कक्षा रुंदावेल, आणि त्याचें वर्ष आपल्या वर्षाहून मोठें होईल. म्हणून तो निघून गेल्यावरही ज्योतिर्विदांस त्याचे वेध घेत राहून नवें गणित मांडावें लागेल.