श्रावणातला वारा चैत्रापर्यंत

आपल्या होटगी जंक्शनवरून एक रूळ वाडीकडे जातो, दुसरा विजापूर-गदगकडे. फताटेवाडीचं वीज केंद्रही इथून जवळच. तिथे ६६० मेगावॅटचे दोन संच कोळशावर चालतात. कोळसा ढीग घालून ठेवता येतो, लागेल तेव्हा जाळता येतो. वाऱ्याचा ढीग घालता येत नाही. मला आज बोलायचं आहे ते एवढ्याचबद्दल.

आपल्या राज्यातल्या पवनचक्क्या जून ते सप्टेंबर सर्वांत जोरात फिरतात. त्या दिवसांत पाऊस असला तर शेतातल्या मोटारी बंद असतात. चैत्रात विहिरीचा तळ दिसू लागतो, मोटारीला वीज हवी असते, तेव्हा वारा पडलेला. बॅटरी दुपारची वीज रात्री देईल; श्रावणातली चैत्रापर्यंत सांभाळायची, तर तिचा खर्च झेपणारा नाही. तिथे हायड्रोजन उपयोगी पडतो. जादा विजेने पाण्याचं विघटन करायचं, हायड्रोजन टाकीत भरायचा आणि पुढे इंधनघटातून त्याची पुन्हा वीज करायची.

हे नवं नाही. डेन्मार्कमधल्या आस्कव या खेड्यातले शिक्षक पोल ला कूर यांनी १८९१ साली पवनचक्की उभारली. १८९५पासून तिथली लोकशाळा हायड्रोजनच्या दिव्यांनी उजळत होती. गॅसमध्ये ऑक्सिजन मिसळल्याने स्फोट होऊन तावदानंही फुटली. तरी ते थांबले नाहीत. २००४मध्ये नॉर्वेच्या उत्सिरा बेटावर दहा घरांना वारा आणि हायड्रोजन यांवर वीज मिळू लागली.

आता आपला हिशेब मांडू. पाणीपुरवठ्याची मोटार आणि दवाखाना मिळून रोज १०० युनिट धरा. उन्हाळ्याचे ९० दिवस, म्हणजे ९,००० युनिट. एक किलो हायड्रोजनमधून साधारण १६ युनिट मिळतात, तेव्हा ५६० किलो लागेल. तो करायला किलोमागे सुमारे ५५ युनिट खर्च होतात. शंभर घातले तर तीसच परत येतात! म्हणून ऊस भिजवायला हा मार्ग मुळीच नाही. जी वीज एरवी वायाच जाणार, तीच यात घालावी.

पाण्याची धास्ती मात्र सोडा. किलोला नऊ लिटर पाणी लागतं, म्हणजे एकूण पाच हजार लिटर. शुद्धीकरणात जाणारं धरलं तरी एका टँकरचं काम आहे. दुष्काळी गावाला यापेक्षा सोपा सौदा मला दिसत नाही.

खरी अडचण जागेची. साध्या दाबाला एवढा गॅस सहा-सात हजार घनमीटर जागा व्यापतो. तीसपट दाबला तर सव्वादोनशे घनमीटरांत मावतो. राष्ट्रीय हरित हायड्रोजन मोहिमेचं २०३०पर्यंतचं लक्ष्य वर्षाला ५० लाख टनांचं आहे. त्यात भर खतं, तेलशुद्धीकरण आणि पोलाद यांवर. त्यातला एक वाटा गावच्या पाणी योजनेला मिळावा, असं मला मनापासून वाटतं. राहिला प्रश्न टाकीच्या जागेचा: ती बंद खोलीत नको. हा वायू हलका. गळला तर वर जाऊन विरतो, पण छताखाली कोंडला तर घात करतो. वस्तीपासून दूर, उघड्या माळावर, कुंपण घालून ती उभी करायची.