पऱ्हाटीचा भाव कोण ठरवणार?



आपला कापूस लालबाग-परळच्या गिरण्यांत जायचा. १९८२ च्या संपानंतर एकेक धुराडं थंड झालं, त्या जागी सिमेंटचे टॉवर उभे राहिले.

सिमेंटच्या भट्टीला १,४५० अंशांची धग लागते. आता चंद्रपूरकडच्या भट्ट्यांत कोळशाबरोबर शहरी कचऱ्यातलं प्लॅस्टिक, चिंध्याही जाळतात. राख सिमेंटमध्येच मुरते. कचऱ्याचं जळण तयार होतं तिथून १०० किलोमीटरच्या आतल्या कारखान्यांनी किमान ५ टक्के ते वापरावं, असा नियम सरकारनं २०१६ साली केला. शहराच्या कचऱ्याला कायद्यानं गिऱ्हाईक मिळालं!

आणि आपली पऱ्हाटी? ज्वारीचा कडबा गुरं खातात. पऱ्हाटी आपण धुऱ्यावर पेटवतो. मुंबईत माटुंग्याला १९२४ पासून कापसाची सरकारी प्रयोगशाळा आहे. पऱ्हाटी दाबून जळणाचे ठोकळे होतात, हे तिनं दाखवलं. मोकळ्या पऱ्हाटीनं गाडी भरते, वजन भरत नाही. म्हणून ठोकळे गावातच पडले पाहिजेत.

आम्हाला सबसिडी नको. कोळशाला जो उष्णतेचा भाव, तोच आमच्या ठोकळ्याला द्या. उपटणी, वाहतूक वजा जाता चार पैसे उरले तर विकू. नाही तर भुगा करून मातीत घालू. माल आमचा, हिशेबही आम्हीच करू.