मोठा हॉल आणि दोन स्पीकर



भाईंदर पश्चिमेहून उत्तनच्या रस्त्याला लागलं की मुर्धे, राई आणि मग मोरवा येतं. खाडी आणि मिठागरांच्या शेजारची ही गावं. इथली कौलारू घरं हळूहळू जाताहेत आणि त्यांच्या जागी दुमजली-तिमजली घरं उभी राहताहेत. ओटी, माजघर, स्वैपाकघर यांच्यामधल्या भिंती गेल्या आणि सगळं मिळून एकच प्रशस्त हॉल झाला. कडेनं वर जाणारा उघडा जिना, पलीकडे ग्रॅनाइटचा ओटा, पायाखाली चकचकीत लाद्या. मग घरातला मुलगा म्हणतो, एवढा हॉल बांधलाय, तर सिस्टिमही तशीच दणदणीत हवी. तो ग्रँट रोडला उतरतो, लॅमिंग्टन रोडवरच्या, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावरच्या, दुकानात शिरतो आणि पहिलाच प्रश्न टाकतो, "दादा, किती वॅटचे आहेत?"

त्याचाही दोष नाही. हळदीच्या मांडवात आवाजाची बढाई वॅटमध्येच मारली जाते. शिवाय एके काळी खोक्यांवर 'पीएमपीओ' म्हणून हजारांचे आकडे छापून कंपन्यांनी आपल्या डोक्यात हे खूळ घातलंच आहे. खरं तर स्पीकरवर लिहिलेले वॅट म्हणजे तो किती वीज सोसेल याचा अंदाज. तो किती मोठ्यानं वाजेल, ते त्यातून कळत नाही. त्यासाठी माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी पाहायची. एक वॅट दिला तर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, ते तिथे लिहिलेलं असतं. एक स्पीकर ८४ डेसिबलचा आणि दुसरा ९० चा असेल, तर दुसरा २५ वॅटमध्ये जेवढा वाजेल तेवढं वाजायला पहिल्याला १०० वॅट लागतात. मोठ्या हॉलसाठी माझं मत ८८ च्या वरच्या स्पीकरला. गप्पा मारता येतील इतपत आवाजात गाणी लावली, तर अशा जोडीला बहुतेक वेळ एक-दोन वॅटही पुरतात. बाकीची ताकद लागते ती ढोलकीच्या थापेपुरती.

पण अशा हॉलचं खरं दुखणं आवाज कमी पडणं हे नसतंच. आवाज घुमतो, हे दुखणं. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग कलासंग्रहालयातलं नवं व्याख्यानगृह असंच फसलं होतं. उच्चारलेला शब्द तिथे साडेपाच सेकंद रेंगाळायचा. तेवढ्यात बोलणारा पुढच्या वाक्यात पोचलेला! वॉलेस सॅबिन नावाच्या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. त्यानं शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, सभागृहात मांडायच्या, ऑर्गनच्या नळीचा आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचं आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायच्या, असा उद्योग मांडला. त्यातून साधा हिशेब निघाला. खोलीचं घनफळ वाढलं की घुमणं वाढतं, आणि आवाज पिणाऱ्या वस्तू वाढल्या की कमी होतं. पिण्याचं माप त्यानं काय धरलं असेल? एक चौरस मीटर उघडी खिडकी. तिथून गेलेला आवाज परत येत नाही.

आता तुमचा हॉल २५ फूट लांब, १८ रुंद आणि १० उंच धरा. म्हणजे सव्वाशे घनमीटरच्या आसपास. नुसत्या लाद्या, प्लास्टर आणि रेक्झिनचा सोफा असेल, तर सगळं मिळून १० एकक शोषण धरायला हरकत नाही. घनफळाला ०.१६ नं गुणा आणि १० नं भागा, आवाज विरायला दोन सेकंद लागतात. जाड गालिचा, चुण्यांचे पडदे, कापडी सोफा आणि एखादं पुस्तकांचं कपाट आणून तेच शोषण ३० वर नेलं, तर पाऊण सेकंदही लागत नाही. म्हणून पहिला खर्च पडद्यांचा. दारं-खिडक्या सताड उघडी टाकूनही घुमणं कमी होईल म्हणा, पण गावठाणात दोन घरांत हातभर अंतर, तुमचं गाणं शेजारच्या आजीच्या उशाशी जाऊन पोचायचं. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल ठेवली आहे, आणि ती फार खालची आहे.

दुसरी गोष्ट, अख्खा हॉल भरायचा हट्ट सोडा. निवांत ऐकायला बसणार तिघं-चौघं आणि तीही सोफ्यावर. दोन स्पीकर एकमेकांपासून सात-आठ फुटांवर आणि सोफा त्यांच्यापासून आठ-नऊ फुटांवर, एवढंच बेट आखा. जवळ बसलं की भिंतींवरून फिरून आलेल्या आवाजाआधी आणि त्याच्यापेक्षा ठळकपणे सरळ आलेला आवाज कानी पडतो. मात्र दोघांचा शेजार सारखा हवा. एक कोपऱ्यात कोंबला आणि दुसरा जिन्याच्या पोकळीजवळ ठेवला, तर कोपऱ्यातला फुगून वाजतो आणि मधोमध उभी वाटायला हवी ती गायिका एका बाजूला सरकते. भिंतीपासून दीड फूट तरी पुढे ओढा. घरातल्यांची कुरकुर होईल, ती सोसा.

खर्जाची गोष्ट वेगळी. ४० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट सुमारे साडेआठ मीटरची, आणि ती जिन्यावरून थेट वरच्या मजल्यावर पसरते. ती उभी करायला भरपूर हवा हलवावी लागते, चार इंची वूफरचं ते काम नाही. आठ इंची वूफरचे टॉवर घ्या, नाहीतर साडेसहा इंची बुकशेल्फ आणि जोडीला सबवूफर. मी दुसरी वाट धरीन, कारण सबवूफर सोयीच्या जागी सरकवता येतो.

जाळी काढून वूफरची किनार बोटानं दाबून पाहायला विसरू नका. आपल्याकडच्या दमट, खारट हवेत फोमची किनार काही वर्षांत भुरभुरते, जुन्या मालात तर भुगा बोटालाच चिकटतो. रबराची किनार टिकते. आणि दुकानात आधी बातम्या लावा. माणसाचा बोलता आवाज आपल्या कानाला पाठ असतो, तो नाकातून किंवा पिंपातून आल्यासारखा वाटला तर जोडी खाली ठेवा.

दुकानातली खोली लहान आणि गालिच्याची, तिथे सगळंच गोड लागतं. तेव्हा आठवडाभर घरी वाजवून पाहीन, न जमल्यास परत करीन, असं दुकानदाराशी बोलून घ्या आणि ते पावतीवर लिहून मागा. खळखळ केली, तर त्याच रस्त्यावर पुढे आणखी दुकानं आहेत.