उत्तर फोडू नका

मित्रांना गणिताची कोडी घालता ना? जरूर घाला. पण मग दोन मिनिटंही दम निघत नाही. "सांगू का? सांगू का?" म्हणता आणि सांगूनच टाकता. माझं सगळं भांडण या सांगण्याशी आहे.

विरजण लावल्यावर भांडं कुणी हलवतं का? दर घटकेला झाकण काढून पाहिलं, चमचा फिरवला, तर दही धड लागत नाही. कोडं हे विरजणच. मित्राच्या डोक्यात ते रात्रभर राहू द्या. थंडीत भांडं उबेला ठेवतो, तसं अडलेल्या मित्राला थोडी ऊब द्या. थोडीच हं!

म्हणजे कसं? १९१४ च्या डिसेंबरात 'स्ट्रँड' मासिकात एक कोडं आलं होतं. रस्त्याच्या एकाच बाजूला ओळीनं घरं, क्रमांक एकपासून. एका घराच्या अलीकडच्या क्रमांकांची बेरीज आणि पलीकडच्यांची बेरीज सारखीच. घरं पन्नासहून जास्त, पाचशेहून कमी. ते घर कोणतं? केंब्रिजमध्ये प्रशांतचंद्र महालनोबीसांनी हे आपल्या मित्राला, रामानुजनना, वाचून दाखवलं. रामानुजन तेव्हा भाजी परतत होते. परतता परतताच त्यांनी असा एक अपूर्णांक सांगितला, की घरं कितीही असोत, ज्या ज्या रस्त्यावर हे जमतं त्या सगळ्यांची उत्तरं त्यातून ओळीनं निघावीत! उत्तर मी सांगणार नाही. ऊब मात्र देतो: आठच घरं असतील, तर सहावं. पडताळून पाहा. आता पुढे तुम्ही.

आपल्या देवळालीच्या कापरेकर मास्तरांचं ६१७४, चार अंकांच्या उलटसुलट वजाबाक्या शेवटी जिथे येऊन थांबतात ती संख्या, तुम्हाला ठाऊकच आहे. पण मित्राला ती संख्या आधी सांगता, तिथेच चुकतं. त्याला नुसते चार अंक निवडायला सांगा, चारही सारखे मात्र नकोत. मग ते उतरत्या क्रमानं मांडून त्यातून चढत्या क्रमानं मांडलेले वजा करायचे, आणि येईल त्याचं पुन्हा तेच: ३५२४ घेतले, तर ५४३२ वजा २३४५, आले ३०८७. मग ८३५२. मग... ते त्याच्या हातून येऊ द्या. पुन्हा पुन्हा तेच येतंय हे त्याचं त्याला दिसलं पाहिजे. पुन्हा सांगतो, त्याचं त्याला.

वेळ होत आली. जाता जाता एक. हेच तीन अंकांवर करा. तिन्ही सारखे नकोत, आणि शून्य आलं तर तेही अंक म्हणून धरा. कुठे पोचता ते मी सांगत नाही. पाच अंकांचं मात्र निराळं आहे. तिथे गाडी एका संख्येवर थांबतच नाही, ती... नाही, वेळ संपली.