किल्ली चोरीस गेली तरी

लंबवर्तुळी वक्र हें नांव ऐकून, हा गणिताचा तास आहे कीं काय, अशी शंका आपल्यापैकीं कित्येकांस आली असेल. परंतु विषय आपल्या नित्याच्या व्यवहाराचा आहे. आपण बँकेच्या वेबसाईटवर जातों, डॉक्टरांस प्रकृतीची हकीकत कळवितों, मुलाबाळांस पत्रें धाडतों. हें सारें त्या त्या सर्व्हरपर्यंत सांकेतिक रूपानें जातें. वाटेंत कोणीं तें उतरून घेतलें, तर आज त्यास त्याचा अर्थ लागत नाहीं. पण दहा वर्षांनीं लागेल काय? या प्रश्नाचा आज थोडा विचार करूं.

पूर्वीची सर्वसाधारण रीत अशी होती. सर्व्हरजवळ एक कायमची गुप्त किल्ली असे व तिच्या जोडीची दुसरी किल्ली जगजाहीर असे. आपल्याकडील ब्राऊझर त्या भेटीपुरता एक गुप्त अंक निवडी आणि जाहीर किल्लीनें तो बंद करून पाठवी. सर्व्हर आपल्या गुप्त किल्लीनें तो उघडी. रिव्हेस्ट, शामीर व ॲडलमन या त्रयीनें १९७७ सालीं शोधिलेल्या पद्धतीवर ही रीत उभारलेली होती. रीत चांगली, पण सारी भिस्त एकाच किल्लीवर! एखाद्यानें वर्षानुवर्षें बंद लखोटे सांठवून ठेवले व पुढें कधीं ती किल्ली त्याच्या हातीं लागली, तर मागचे सर्व लखोटे एकदम उघडतात.

अशी किल्ली हातीं लागते काय? लागते. २०१३ सालीं अमेरिकेंतील लॅव्हाबिट या पत्रसेवेकडे सरकारनें तिची गुप्त किल्ली मागितली. लक्ष होतें एका ग्राहकावर. मागणी मात्र सर्वांच्या कुलपास लागणाऱ्या किल्लीची. चालक लडार लेव्हिसन यांनीं ती अकरा पृष्ठांवर अतिसूक्ष्म टाईपांत छापून दिली. न्यायालयास तें मानवलें नाहीं. अखेर किल्ली देऊन त्यांनीं ऑगस्टमध्यें सेवाच बंद केली. पुढच्याच वर्षीं, २०१४ च्या एप्रिलांत, ‘हार्टब्लीड’ नांवाचा दोष उघडकीस आला. ओपन-एस-एस-एल या सर्वत्र वापरांत असलेल्या प्रोग्रॅमांतील या चुकीमुळें दूरचा कोणीही मनुष्य सर्व्हरच्या स्मृतींतील तुकडे वाचूं शके. आणि किल्ल्याही त्या स्मृतींतच असत.

यावरील उपाय १९७६ सालींच डिफी व हेलमन यांनीं सुचविला होता. गुप्त अंक पाठवावयाचाच नाहीं. दोघांनीं तो आपापल्या जागीं सिद्ध करावयाचा. लहानसें उदाहरण घेऊं. १७ हा भाजक व ३ हा पाया सर्वांस ठाऊक आहे. रामानें मनांत ४ धरला. तिनाचा चौथा घात ८१. त्यास १७ नीं भागून बाकी १३. गोविंदानें ६ धरला. तिनाचा सहावा घात ७२९, बाकी १५. दोघांनीं १३ व १५ या बाक्या उघडपणें एकमेकांस सांगितल्या. आतां राम १५ चा चौथा घात करून बाकी काढतो, गोविंद १३ चा सहावा घात करून बाकी काढतो. दोघांसही १६ मिळतात. ऐकणाऱ्या तिऱ्हाइतास ४ कळला नाहीं कीं ६ कळला नाहीं. भाजक शेंकडों आंकड्यांचा असला म्हणजे उलट वाट शोधणें व्यवहारांत अशक्य होतें.

भेट संपतांच दोघांनीं आपापले अंक पाटीवरून पुसावे. मग कायमची किल्ली उरते ती केवळ सर्व्हरची ओळख पटविणारी सही करण्यापुरती. ती उद्यां चोरीस गेली तरी कालचे लखोटे उघडत नाहींत. यासच ‘फॉरवर्ड सिक्रसी’ म्हणतात.

घातांच्या या रीतीस अंक फार मोठे लागतात. १९८५ सालीं कोब्लिट्झ व मिलर यांनीं स्वतंत्रपणें असें सुचविलें कीं, घातांऐवजीं लंबवर्तुळी वक्रावरील बिंदू घ्यावे. हा वक्र म्हणजे लंबवर्तुळ नव्हे. लंबवर्तुळाच्या कंसाची लांबी काढण्याच्या गणितावरून त्यास तें नांव पडलें. त्यावरील दोन बिंदूंतून रेषा काढली कीं ती सामान्यतः तिसऱ्या बिंदूंत वक्रास छेदते. त्याचें प्रतिबिंब घेतलें कीं ती झाली दोन बिंदूंची बेरीज. अशी बेरीज पुनःपुन्हां करणें सोपें, पण ती किती वेळां केली हें उलट काढणें महाकठीण. म्हणून येथें २५६ द्विमान अंकांत जें बळ मिळतें, त्यास जुन्या रीतींत सुमारें ३,०७२ अंक लागतात.

मग वक्र कोणता घ्यावा? अमेरिकेच्या मानक संस्थेनें २००० सालीं प्रसिद्ध केलेला पी-२५६ हा सर्वत्र चालतो. पण त्याचा एक गुणांक ज्या बीजांकापासून काढला, तो बीजांकच कां निवडला, याचें कारण दिलेलें नाहीं. त्याच संस्थेनें मान्य केलेल्या एका यादृच्छिक-अंक-योजनेंत चोरवाट असूं शकते, असें २००७ सालीं दाखविण्यांत आलें व २०१४ सालीं ती योजना मागें घ्यावी लागली. त्यामुळें संशय वाढला. पी-२५६ मध्यें असा दोष कोणीं सिद्ध केलेला नाहीं, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. मात्र समोरून आलेला बिंदू खरोखर वक्रावर आहे कीं नाहीं, हें प्रोग्रॅमनें तपासलें नाहीं तर गुप्त अंक फुटूं शकतो.

डॅनिएल बर्नस्टाईन यांनीं २००६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘कर्व्ह २५५१९’ मध्यें भाजक आहे दोनाचा २५५ वा घात, उणे १९. त्याचा गुणांक ४,८६,६६२. जाहीर केलेल्या अटींत बसणारा तो सर्वांत लहान. म्हणजे निवडीचें कारण कोणासही पडताळून पाहतां येतें. शिवाय यावरील प्रोग्रॅम निर्दोष लिहिणें सोपें जातें. २०१८ च्या टी-एल-एस १.३ या नियमावलीनें जुनी रीत काढूनच टाकली. पी-२५६ आवश्यक ठरविला व २५५१९ ची शिफारस केली. म्हणून सर्व्हर चालविणाऱ्यांनीं २५५१९ पहिला ठेवावा व जुन्या पाहुण्यांसाठीं पी-२५६ दुसरा. केवळ आंकडा मोठा म्हणून पी-५२१ च्या मागें लागूं नये. त्यानें काम मंदावतें, आणि चोर सहसा शिरतो तो दुसऱ्याच दारानें.

तें दार कोणतें? जुनी भेट पुन्हां चालू करण्यासाठीं सर्व्हर पाहुण्यास एक तिकीट देतो. त्या तिकिटांची किल्ली महिनोन् महिने न बदलली, तर पाटी पुसूनही वही उघडीच राहिली! विशेषतः जुन्या १.२ च्या नियमांत हा धोका मोठा. ती किल्ली वरचेवर बदलावी व जुनी नष्ट करावी.

एक मर्यादा सांगून पुरें करतों. पुरेसें मोठें क्वांटम यंत्र झाल्यास हे वक्रही टिकणार नाहींत, हें शोर यांनीं १९९४ सालीं मांडलेल्या गणितावरून दिसतें. आणि मग सांठविलेले लखोटे किल्लीवांचूनच उघडतील. म्हणून २०२४ च्या ऑगस्टांत मान्य झालेली एम-एल-केम ही नवी पद्धत २५५१९ च्या जोडीनें वापरणें इष्ट होय.

श्रोतेहो, आपण लिहिलेलें पत्र आपल्या पश्चातही कोणाच्या तरी कपाटांत राहूं शकतें. तें बंद राहावें ही जबाबदारी, आपणांस कधींही न दिसणाऱ्या सर्व्हरचालकांवर आहे. त्यांनीं ती जाणून पार पाडावी, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतों.